घाटात इंजिनचं ऑइल जातं कुठे? जुन्या डिझेल गाडीतला ऑइल बॅफल कसा काम करतो

घाट उतरताना वळणावर डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा अर्धा सेकंद लुकलुकला आणि विझला, तर तुम्ही काय करता? बहुतेक जण काहीच करत नाहीत. विझला ना, मग झालं!

मी वरंधचा. महाडहून भोरला जाणारा रस्ता बिरवाडी, वरंध, माझेरी करत घाटात चढतो, वाघजाईवरून पलीकडे जातो आणि हिर्डोशीकडून नीरा देवघर धरणाच्या कडेने भोरला उतरतो. या रस्त्यावर सुमो, बोलेरो, ट्रॅक्स, इंडिका अशा जुन्या डिझेल गाड्या अजून भरपूर दिसतात. गावातली पोरं पहिली गाडी घेतात तीही बऱ्याचदा यातलीच एखादी सेकंडहँड. म्हणून आज त्या लाल दिव्यामागची गोष्ट समजून घेऊ. त्या गोष्टीचा नायक आहे एक साधा वाकवलेला पत्रा. त्याचं नाव ऑइल बॅफल. गॅरेजमध्ये त्याला कुणी बॅफल म्हणत नाही, "आतला पत्रा" म्हणतात.

आधी ऑइलचं काम समजून घ्या

इंजिनच्या तळाला एक मोठं भांडं असतं. त्याला आपण चेंबर म्हणतो. दगड लागून "चेंबर फुटला" म्हणतात तोच हा. इंजिनचं सगळं ऑइल या चेंबरमध्ये साठतं. त्यात एक नळी बुडालेली असते आणि तिच्या तोंडाला जाळी असते. ऑइल पंप या जाळीतून ऑइल ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि दाबाने क्रँक, कॅम, टॅपेट अशा सगळीकडे पाठवतो. काम झालं की ऑइल पुन्हा गळत गळत चेंबरमध्ये येतं.

क्रँक ज्या बेरिंगमध्ये फिरतो, त्या दोघांमधली फट साधारण ०.०५ मिलिमीटर असते, म्हणजे केसापेक्षाही बारीक. त्या फटीत दाबाखाली ऑइल असतं, म्हणून क्रँक धातूवर घासत नाही, ऑइलच्या थरावर तरंगतो. ऑइलऐवजी हवा आली की हा थर तुटतो आणि धातू धातूला लागतो. एकदा लागला म्हणून लगेच इंजिन बंद पडत नाही. पण बेरिंगला ओरखडा पडतो. पुढच्या वेळी अजून एक. मग एके दिवशी खालून टकटक आवाज येतो आणि मेकॅनिक सांगतो, "मेटल गेलं." जुन्या गाडीत हे काम निघालं की खर्च कधीकधी गाडीच्या किमतीच्या जवळ जातो.

आता महत्त्वाचा मुद्दा. तो लाल दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचा दाब सांगतो. आणि तोसुद्धा दाब फारच खाली गेल्यावर. म्हणजे दिवा लागला तेव्हा जाळीने ऑइलऐवजी हवा ओढलेली असण्याची शक्यता आहे. तो इशारा उशिरा येणारा आहे.

घाटात ऑइल किती कलतं? हिशोब करून बघू

सगळ्यांना वाटतं की चढ-उतारामुळे ऑइल एका बाजूला जातं. जातं, पण थोडंच. घाटरस्ता २० मीटरला १ मीटर चढतो असं धरलं, तर तो कल फक्त ३ अंशांच्या आसपास येतो. १२ मीटरला १ मीटर असा तीव्र चढ धरला तरी ५ अंशांच्या आतच.

खरा खेळ ब्रेक आणि वळणाचा आहे. ताशी ४० किलोमीटर वेगावरून गाडी ३ सेकंदांत थांबवली, तर चेंबरमधलं ऑइल जवळजवळ २१ अंश पुढे कलू पाहतं. १५ मीटर त्रिज्येचं वळण ताशी २५ किलोमीटरने घेतलं, तर ते १८ अंश बाहेरच्या बाजूला कलू पाहतं. आणि वळणात शिरता शिरताच ब्रेक मारला तर? दोन्ही मिळून साधारण २७ अंश, त्यात उताराचे ३ वेगळे.

हे आकडे चेंबरमध्ये टाकून बघा. चेंबर ४० सेंटिमीटर लांब असेल, तर २१ अंशांच्या कलाला एका टोकाला ऑइल साडेसात सेंटिमीटर वर चढेल आणि दुसऱ्या टोकाला तेवढंच खाली जाईल. चेंबरमध्ये ऑइलची खोलीच मुळात काही सेंटिमीटर असते. म्हणजे जाळी चुकीच्या टोकाला असेल, तर ती उघडी पडलीच म्हणून समजा.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक सोपा प्रयोग आहे. एक पारदर्शक डबा अर्धा पाण्याने भरा, झाकण घट्ट लावा आणि मागच्या सीटवर ठेवा. शेजारी बसलेल्याला मोबाईलवर त्याचा स्लो मोशन व्हिडीओ काढायला सांगा. चालवणाऱ्याने मोबाईलला हात लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. मी वाघजाईच्या खालच्या वळणांवर हे करून बघितलंय. सरळ चढावर पाणी जवळपास शांत असतं. ब्रेक लागला की पाणी एका भिंतीवर चढतं आणि दुसऱ्या बाजूला खूप खाली जातं. तुमच्या चेंबरमध्ये बॅफल नसता तर आत हेच चाललं असतं.

पहिला बॅफल: चेंबरमधला

आमच्याकडे विहिरीवरून डोक्यावर हंडा आणताना पाण्यावर एखादं मोठं पान टाकायची पद्धत होती. पान असलं की पाणी कमी हिंदकळतं. पाण्याचा टँकर बघा, त्याच्या आतही भोकं असलेले आडवे पत्रे असतात. नाहीतर ब्रेक मारल्यावर सगळं पाणी एकदम पुढे आपटेल. चेंबरमधला बॅफल म्हणजे हेच, पण छोट्या जागेत.

जाळीच्या आजूबाजूला पत्र्याच्या उभ्या किंवा आडव्या भिंती वेल्डिंग करून बसवलेल्या असतात. त्यांना तळाशी छोटी भोकं किंवा फटी असतात. गाडी शांत चालली की ऑइल त्या फटींतून निवांत जाळीकडे येतं. ब्रेक लागला की ऑइल पळू बघतं, पण फट लहान, आणि ऑइल पाण्यापेक्षा घट्ट. ते पळेपर्यंत थोडा वेळ जातो. तेवढ्यात तुमचा ब्रेक सुटलेला असतो आणि ऑइल जागेवर परत येतं.

हीच बॅफलची खरी गंमत आहे. तो ऑइल अडवत नाही, फक्त उशीर करतो. तो तुम्हाला थोडा वेळ मिळवून देतो. पण ज्या डब्यात मुळात पाणीच कमी आहे, तिथे उशीर करून काय उपयोग? ऑइल कमी असेल तर बॅफलकडे राखायला काही उरतच नाही. लक्षात ठेवा, पुढे हा मुद्दा पुन्हा लागणार आहे.

आणखी एक गोष्ट. सुमो, ट्रॅक्स, बोलेरोमध्ये इंजिन उभं असतं, म्हणजे त्याची लांब बाजू गाडीच्या लांबीत. अशा गाडीत ब्रेक मारल्यावर ऑइलला पळायला लांब जागा मिळते. इंडिका किंवा स्विफ्टमध्ये इंजिन आडवं असतं. तिथे उलट, वळणावर ऑइलला लांब जागा मिळते. म्हणून पत्रे कुठे आणि कसे लावायचे हे प्रत्येक इंजिनात वेगळं असतं. एकाचा चेंबर दुसऱ्याला जुगाड करून बसवणं धोक्याचं, ते यासाठीच.

दुसरा बॅफल: क्रँकच्या खालचा

क्रँक मिनिटाला ३००० फेरे मारतो तेव्हा एका सेकंदात ५० फेरे होतात. तो ऑइलच्या जवळ फिरला तर रवीने ताक घुसळावं तसं ऑइल घुसळलं जातं आणि फेस होतो. फेस म्हणजे ऑइल आणि हवा. पंप फेस ओढतो, पण हवा दाबली जाते आणि बेरिंगमधला थर कमजोर होतो.

म्हणून बऱ्याच इंजिनांत क्रँक आणि ऑइल यांच्यामध्ये एक आडवा पत्रा असतो. वरून गळणारं ऑइल त्याच्यावरून खाली सरकतं आणि क्रँकच्या वाऱ्याने खालचं ऑइल वर उडत नाही.

पण हा पत्रासुद्धा एका गोष्टीपुढे हरतो, ती म्हणजे जास्त भरलेलं ऑइल. "घाटात जायचंय, अर्धा लिटर जास्तच टाक" असं बरेच जण म्हणतात. जास्त ऑइल टाकलं की पातळी वर येते, क्रँक त्यात आपटायला लागतो आणि फेस होतो. कमी ऑइल जितकं वाईट, जवळजवळ तितकंच जास्त ऑइलही वाईट.

तिसरा बॅफल: टॅपेट कव्हरमधला

डिझेल इंजिनमध्ये स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती तापून डिझेल आपोआप पेटतं. जुन्या इंजिनांत हवा साधारण २० पट दाबली जाते. एवढ्या दाबात थोडा गॅस पिस्टनच्या रिंगांच्या कडेने खाली चेंबरकडे निसटतोच. नव्या इंजिनातही निसटतो, झिजलेल्यात जास्त.

हा गॅस आत कोंडला तर सील फाडून बाहेर येईल. म्हणून त्याला वाट दिलेली असते. ती म्हणजे ब्रीदर पाईप. बहुतेक गाड्यांत हा पाईप टॅपेट कव्हरवरून निघतो आणि इंजिन जिथून हवा घेतं तिथे जोडलेला असतो. खूप जुन्या गाड्यांत तो नुसता खाली रस्त्याकडे सोडलेला असायचा.

अडचण अशी की हा गॅस एकटा येत नाही. सोबत ऑइलचे बारीक थेंब घेऊन येतो. इथे तिसरा बॅफल लागतो. घरातल्या किचन चिमणीत "बॅफल फिल्टर" असतो ना? फोडणीचा धूर त्यातल्या पट्ट्यांमधून वळणं घेत वर जातो आणि तेल पट्ट्यांना चिकटून खाली वाटीत जमतं. टॅपेट कव्हरच्या आतल्या पत्र्याचं कामही हेच. गॅस हलका, तो पटकन वळतो. थेंब जड, त्याला वळण घेता येत नाही, तो पत्र्यावर आपटतो आणि गळून परत इंजिनमध्ये जातो. घाटातल्या वळणावर जड ट्रक आणि बाईक यांच्यात जो फरक असतो, तोच इथे आहे.

हा बॅफल तुंबला तर?

ऑइल वेळेवर बदललं नाही की काजळी आणि मळ मिळून काळा गाळ होतो. तो या पत्र्यांमध्ये बसतो. मग दोन गोष्टी होऊ शकतात.

एक, वाट बंद होते. आत दाब वाढतो, सीलमधून ऑइल झिरपतं, कधी डिपस्टिक आपोआप वर उचलली जाते. लोक सील बदलत बसतात आणि दोष असतो ब्रीदरमध्ये.

दोन, पत्रा काम करेनासा होतो आणि ऑइल गॅससोबत सरळ इंजिनच्या हवेच्या वाटेत जातं. त्यात रिंगा झिजलेल्या आणि ऑइल जास्त भरलेलं असेल तर धोका मोठा आहे. डिझेल इंजिन ऑइलवरही चालतं! मग इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत वेग वाढवत जातं, मागून पांढरा-निळा धूर निघतो आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. कारण चावी डिझेल बंद करते, ऑइल नाही. याला इंजिन पळणं किंवा रनअवे म्हणतात.

अशा वेळी काय करायचं? गाडी गिअरवाली असेल तर ब्रेक पूर्ण दाबून धरा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा. इंजिन दबून बंद पडतं. ते जमलं नाही तर सगळ्यांना गाडीपासून लांब न्या. हवेच्या पाईपवर हात किंवा कपडा लावायला जाऊ नका. ओढ जबरदस्त असते, आणि त्या वेगात इंजिन फुटूही शकतं.

सेकंडहँड डिझेल घेताना हे बघा

* इंजिन चालू असताना, आयडलवर, ऑइल भरायचं झाकण काढून तिथेच उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडायला लागलं किंवा धुराचे झोत यायला लागले तर रिंगा झिजल्यात किंवा ब्रीदर तुंबलाय. काही इंजिनांत इथून गरम ऑइल उडतं, तोंड जवळ नेऊ नका.
* मोबाईलचा टॉर्च मारून झाकणाच्या आत बघा. काळा, डांबरासारखा थर दिसला तर आतले पत्रे भरलेत असं समजा.
* गाडीखाली वाकून चेंबर बघा. मोठा पोचा असेल तर आतला पत्रा वाकलेला किंवा जाळी तळाला चिकटलेली असू शकते. चेंबर बदललेला असेल तर विचारा, "आत पत्रा आहे का?" स्वस्त चेंबरमध्ये तो नसण्याची शक्यता असते, आणि बाहेरून काहीच कळत नाही.
* ब्रीदर पाईप हवेच्या बाजूने काढून आत बोट फिरवा. ओलसरपणा चालतो. ऑइल ओघळत असेल तर सावध व्हा.
* डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे. २०२१ च्या जुलैमध्ये सावित्रीच्या पुरात महाडमध्ये किती गाड्या बुडाल्या हे आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. बुडालेल्या गाडीचं नुसतं ऑइल बदलून भागत नाही. बॅफलच्या भिंतींमागे चिखल आणि पाणी अडकून राहतं. चेंबर खोलून धुतलाय का, ते विचारा आणि कामाचं बिल बघा.

घाटात शिरण्याआधी आणि घाटात

ऑइल महाडला किंवा बिरवाडीलाच, सपाट जागेवर तपासा. इंजिन बंद करून ५ ते १० मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसा, पुन्हा घाला, मग वाचा. घाटात चहाला थांबून तपासू नका. तिथे गाडी कललेली असते आणि डिपस्टिक खोटं सांगते. जमीन सपाट आहे का हे मोबाईलमधल्या लेव्हल अॅपने बघता येतं.

पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ हवी. वरच्या खुणेच्या वर नको. दर वेळी डिपस्टिकचा फोटो काढून ठेवा. दोन महिन्यांचे फोटो शेजारी ठेवले की गाडी ऑइल खाते की नाही ते लगेच कळतं.

उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नका. "डिझेल वाचतं" हा गैरसमज आहे. गिअरमध्ये अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की पंप डिझेल जवळजवळ बंदच करतो. न्यूट्रलमध्ये मात्र सगळा भार ब्रेकवर येतो, तुम्ही जोरात आणि उशिरा ब्रेक मारता, आणि त्याच वेळी आयडलवर ऑइलचा दाबही सगळ्यात कमी असतो. खालचा गिअर ठेवा, सरळ रस्त्यावरच वेग कमी करा आणि मग वळण घ्या. मघाचा हिशोब आठवा. ब्रेक आणि वळण वेगवेगळे केले की २७ अंशांऐवजी जास्तीत जास्त २१ होतात. बॅफलचं अर्धं काम तुम्हीच केलंत.

दिवा लुकलुकलाच, तर रुंद जागा बघून बाजूला घ्या, पण गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी बंद करू नका. इंजिन बंद झालं की ब्रेक आणि पॉवर स्टेअरिंग जड होतं आणि उतारावर ते जास्त धोक्याचं आहे. थांबल्यावर इंजिन बंद करा आणि पातळी बघा. जागा अगदी सपाट मिळणार नाही, पण ऑइल डिपस्टिकला लागतंय की नाही एवढं तरी कळेल. ऑइल लागतच नसेल तर भरल्याशिवाय चालू करू नका. म्हणून डिकीत १ लिटरचा योग्य ग्रेडचा डबा ठेवा. भरून सपाट रस्त्यावरही दिवा लागत असेल तर गाडी ओढून न्यायची, चालवत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नव्या गाडीत बॅफल नसतो का?
असतो. तो बऱ्याचदा प्लास्टिकच्या कव्हरमध्येच बनवलेला असतो आणि सोबत दाब सांभाळणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. तत्त्व तेच.

बॅफल स्वतः साफ करता येतो का?
टॅपेट कव्हर काढून ते डिझेलमध्ये भिजवून धुता येतं. पण पत्रा रिव्हेटने बसवलेला असेल तर उचकटू नका, एखादी रिव्हेट इंजिनात पडली तर मोठं काम निघेल. पूर्ण वाळवून, नवीन पॅकिंग घालूनच परत बसवा. चेंबरमधला बॅफल मात्र मेकॅनिककडूनच.

ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं का?
डिझेलमध्ये ऑइल लवकर काळं होतं, ते काजळी पकडून ठेवतं म्हणून. रंगावर जाऊ नका, किलोमीटर आणि महिन्यांवर जा.

थोडक्यात सांगायचं तर, बॅफल हा पत्रा आहे, जादू नाही. तो तुम्हाला थोडा वेळ देतो, तोही ऑइल दोन खुणांच्या मध्ये असेल तरच. पावसाळ्यात दरडींमुळे वरंध घाट बऱ्याचदा बंद असतो, त्यामुळे निघण्याआधी रस्त्याची चौकशी करा. आणि रस्ता चालू असला तर डिपस्टिकची.